आबांच्या ताटातलं मटण

नकटी पुन्हा वाजली आणि प्रणालीने हातातला डाव ओट्यावर आपटला.

नकटी म्हणजे जिन्याच्या छताला डकवलेलं बशीएवढं पांढरं यंत्र. 'सुरभी विहार' सोसायटीच्या कागदपत्रांत त्याचं नाव 'घ्राणरक्षक' असं भारदस्त होतं, पण अख्ख्या इमारतीत त्याला त्या नावाने हाक मारणारा माणूस एकच, सेक्रेटरी खांबेटे. कुणाच्या घरातून मांस शिजल्याचा वास आला की ते तीनदा किंचाळायचं आणि खांबेट्यांच्या मोबाइलवर फ्लॅटचा नंबर पाठवून द्यायचं. सन २०४३ उजाडलं होतं, जगात माणसाने काय काय शोधून काढलं होतं, आणि या लोकांनी हौसेने वर्गणी काढून आणलं काय, तर शेजाऱ्याचं पातेलं हुंगणारं नाक!

दोन मिनिटांत बेल वाजलीच. दारात खांबेटे. हातात कागद, कपाळाला आठ्या.

"चौगले वहिनी, परत?"

"काका, पावटा आहे हो तो," प्रणाली दबक्या आवाजात म्हणाली. "किती वेळा सांगू? पावटा, शेंगदाण्याची पेंड आणि कणीक. यंत्राला कळत नाही, त्याला मी काय करू?"

"पोरी!" आतल्या खोलीतून आबांचा खणखणीत आवाज आला. "मटणाचा वास लई फर्मास सुटलाय बघ! रस्सा जरा झणझणीत ठेव!"

खांबेट्यांनी एकदा आत पाहिलं आणि एकदा प्रणालीकडे.

"सासरे आहेत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांना ते मटणच वाटतं."

"वहिनी, मलाही मटणच वाटतंय," खांबेटे म्हणाले. "वनस्पतीचं असेल तर आमची काही हरकत नाही, नियमात तशी सोय केली आहे. पण ते सिद्ध व्हायला हवं. चार महिने तोंडी सांगून झालं, आता ही दुसरी नोटीस. पुढच्या वेळी नकटी... म्हणजे घ्राणरक्षक वाजला, की मी चाचणीची पट्टी घेऊन येणार. प्राण्याचा अंश निघाला तर महिन्याअखेर घर खाली करायचं. तुमच्या भाडेकरारातच आहे ते."

तिने दार लावलं, एक मोठा श्वास घेतला आणि आतल्या बाजूला वळून गोड आवाजात ओरडली, "आणते हं आबा, मटण शिजतंय!"

चार महिने हे असंच चाललं होतं. दाराबाहेर शपथेवर पावटा, दाराच्या आत शपथेवर मटण. या सगळ्याचा तिला आता मनापासून वीट आला होता.

आबा म्हणजे आनंदराव चौगले, तिच्या नवऱ्याचे, रणजितचे वडील. वय ब्याऐंशी. कागलजवळच्या त्यांच्या गावात अजूनही त्यांना आनंदा पैलवान म्हणूनच ओळखत. गेल्या दिवाळीत सासूबाई गेल्या. एवढ्या मोठ्या घरात म्हातारा माणूस एकटा कसा ठेवायचा, म्हणून रणजित त्यांना पुण्याला घेऊन आला. आले, आणि आबांनी जेवणच सोडलं. हट्टाने नव्हे. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि "झालं माझं" म्हणून उठायचे. अठ्ठ्याहत्तर किलोंचा माणूस चार महिन्यांत चौपन्नावर आला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी चष्मा काढून सांगितलं, "आजार काही नाही. खात नाहीत, हाच आजार. अंगातलं मांस झिजतंय. आणखी चार किलो उतरले तर अंथरूण धरतील, आणि या वयात धरलेलं अंथरूण सुटत नाही. काय आवडतं ते द्या, पण खाऊ घाला."

आवडतं काय, तर मटण. दुसरं काही नाही. हॉटेलातून आणलेलं त्यांनी पहिल्याच घासाला बाहेर काढून ठेवलं. घरी शिजवायचं तर करारावर रणजितची सही. या सोसायटीत मटण चालत नाही, हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन एसटीत बसले असते आणि गावच्या रिकाम्या घरात जाऊन एकटे पडले असते. "असल्या घरात मी पाणी प्यायचा न्हाई," असं म्हणणाऱ्यांपैकी ते होते.

मग प्रणालीला तिची मामेबहीण आठवली. कस्तुरी कृषी महाविद्यालयात संशोधन करायची. तिने एका रविवारी येताना वाटीभर गुलबट विरजण आणि स्टीलचा एक चौकोनी डबा आणला.

"भुईमुगाचं रोप उपटलंयस कधी?" तिने विचारलं. "मुळांना बारीक गाठी असतात बघ. नखाने फोडलीस तर आतून लाल निघते. ते लाल म्हणजे आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचं सख्खं चुलत भावंड. लोह दोघांतही. मटणाला मटणाची चव येते ती बरीचशी या लोहवाल्या द्रव्यामुळे. ते तापलं की चरबी आणि प्रथिनं यांची झटापट लावून देतं, आणि त्यातून तो वास सुटतो. आम्ही भुईमुगाचं ते जनुक एका साध्या खाण्याच्या बुरशीत घातलंय. आता बुरशीच ते लाल तयार करते."

"बुरशी खायची?"

"इडली-दही खातेस तेव्हा काय खातेस? नीट ऐक. पावट्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, आणि कणीक पाण्याखाली धुऊन उरतो ना रबरासारखा गोळा, तो. तिन्ही एकत्र मळायचं, थिजलेल्या खोबरेल तेलाचे बारीक खडे घालायचे, विरजण लावायचं आणि डब्यात ठेवायचं. डब्याचा पंखा एकाच बाजूने हवा देतो. बुरशी हवेच्या दिशेने वाढते, म्हणून तिचे तंतू सगळे एकाच दिशेला जातात. बावीस तासांत पीठ मांसासारखे तंतू धरतं. एक चमचा बाजूला काढून ठेवायचा, पुढच्या वेळचं विरजण म्हणून. विकत काही आणायला नको."

कस्तुरीने सांगितलं तितकं सोपं काही नव्हतं. पहिला गोळा फुटला, दुसरा आंबला, तिसरा इतका चिवट झाला की रणजितने दाताला हात लावला. चौथा मात्र जमला. कापला तर आतून ओलसर लाल. तव्यावर टाकला तर तपकिरी झाला आणि घरभर असा वास सुटला की प्रणाली स्वतःच दचकली. नकटी वाजली ती त्याच दिवशी पहिल्यांदा. साहजिक होतं. यंत्र वासाचे कण ओळखायचं, आणि बकऱ्याच्या लोहातून काय आणि भुईमुगाच्या लोहातून काय, कण तेच निघायचे.

तिने मोठ्या आनंदाने आबांपुढे ताट ठेवलं आणि तिथेच माती खाल्ली. म्हणाली, "आबा, हे पावट्यापासून केलेलं मटण आहे. खाऊन तर बघा!"

आबांनी हातसुद्धा लावला नाही. "सोयाबीनच्या वड्यास्नी मटण म्हणायचं? उचल ते. त्यापरास उपाशी मेलेलं बरं."

पुढच्या रविवारी तिने काही सांगितलंच नाही. आबांनी विचारलं, "हे काय?" ती पटकन म्हणाली, "मटण."

"खरं?"

"खरं. मी स्वतः बघून आणलंय."

आबांनी घास घेतला. डोळे मिटले. चावत राहिले. मग म्हणाले, "माळावर चरलेलं बकरं हाय. बांधून पोसलेलं न्हाई. पण नळी कुठाय?"

"तुमच्या कवळीला झेपायची नाही म्हणून बिनहाडाचं आणलं."

"नळीबिगर मटण म्हंजे..." असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तीन! प्रणाली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. सत्तेचाळीस दिवसांत त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली नव्हती.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं की नाही? पण ते चौगल्यांचं घर होतं.

आबांचे वार होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय संकष्टी, एकादशी आणि अमावास्या. या दिवशी मटणाचा विषयसुद्धा घरात काढायचा नाही. बाकीच्या दिवशी दोन्ही वेळा व्यवस्थित जेवणारा माणूस वाराच्या दिवशी दोन चमचे दूधभातावर झोपायचा. चार दिवसांत कमावलेलं तीन दिवसांत घालवायचा. डब्यात पावट्याचा ताजा गोळा तयार असायचा आणि आबा शनिवारी समोर साबुदाणा घेऊन कुढत बसायचे.

"अरे, पावटा आहे तो!" प्रणाली दार लावून रणजितपुढे थयथयाट करायची. "मारुतीलासुद्धा चालेल! नैवेद्य दाखवला तरी चालेल!"

"मग सांगून टाक त्यांना," रणजित मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचा.

"सांगू? मी? सांगितलं की पुन्हा तोंडाला लावतील का? तू सांग. तुझे वडील आहेत."

"मला ऑफिसचा फोन यायचाय," रणजित म्हणायचा आणि गॅलरीत जायचा. वडिलांसमोर उभं राहायची वेळ आली की त्याला नेहमीच कुणाचा तरी फोन यायचा असायचा.

तरीही मरतमरत काटा एकोणसाठ किलोंपर्यंत आला होता. आणि आता श्रावण तीन दिवसांवर आला. श्रावण म्हणजे अख्खा महिना मटण बंद, वर गणपती उठेपर्यंत आबा पाळणार ते वेगळंच. प्रणालीने बोटांवर हिशेब केला. आठवड्याच्या तीन दिवसांत हा माणूस एक किलो उतरतो, तर चाळीसेक दिवसांत काय उरणार? डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात घुमत होतं. तिला रात्रंदिवस एकच दिसत होतं, अंथरुणाला खिळलेले आबा. आणि वेड लागायची पाळी अशासाठी, की औषध घरात होतं, डब्यात होतं, हात पुढे केला की मिळत होतं!

गटारीचा रविवार उजाडला. श्रावणाआधीचं शेवटचं मटण म्हणून आबा सकाळपासून खुशीत होते. अंघोळ करून, टोपी घालून साडेबारालाच ताटावर बसले. प्रणालीने तांबडा रस्सा वाढला, पांढरा वाढला, सुकं वाढलं. आबांनी पहिला घास उचलला आणि जिन्यात नकटी तीनदा किंचाळली.

या वेळी बेल लगेच वाजली. खांबेटे पायरीवरच दबा धरून बसले असावेत.

"वहिनी, पट्टी आणली आहे." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "कुठल्याही प्राण्याच्या डीएनएचा अंश असेल तर लाल रेघ उमटते. नसेल तर हिरवी. दहा मिनिटं लागतात. तुमच्याही जिवाला स्वस्थता, माझ्याही."

"या, स्वयंपाकघरात या, पातेल्यातलं देते," ती घाईघाईने म्हणाली.

"पातेल्यातलं नको. लोक पातेली बदलतात. ताटात वाढलेलंच तपासायचं, असा ठराव आहे." आणि नियमाचा तो पक्का माणूस चपला काढून थेट आबांच्या ताटाशी जाऊन उभा राहिला. "नमस्कार काका. यातला एक तुकडा देता का? मटण आहे की नाही ते बघायचंय."

"बघायचं काय त्यात?" आबा हसले. "खाऊन बघा की! बसा. पोरी, पाव्हण्यास्नी ताट घे."

प्रणालीने पट्टीच्या पाकिटाकडे पाहिलं. दहा मिनिटांत त्या पट्टीवर हिरवी रेघ उमटणार, खांबेटे मोठ्याने वाचणार, 'प्राण्याचा अंश नाही', आणि आबा ते ऐकणार. एका परक्या माणसासमोर कळणार की सुनेने चार महिने फसवलं. उद्यापासून पुन्हा दोन घास. आणि परवा श्रावण. रणजित कोपऱ्यात मोबाइल कानाला लावून उभा होता, फोन आलेला नसताना. खांबेट्यांनी पाकीट फाडलं.

"थांबा," प्रणाली म्हणाली. "मटणच आहे ते."

"काय?"

"बकऱ्याचं. मी खोटं बोलत होते. लिहा तुमच्या कागदावर काय लिहायचं ते."

खांबेट्यांनी फाडलेलं पाकीट खाली केलं. त्यांना बहुधा ती निर्दोष ठरायला हवी होती. "वहिनी... मग माझा इलाज नाही. महिन्याअखेर घर खाली करावं लागेल." त्यांनी न वापरलेली पट्टी पुन्हा खिशात घातली, चपला घातल्या आणि निघून गेले.

"घर खाली?" आबांनी घास ताटात ठेवला. "कशापायी?"

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? "या सोसायटीत मटण चालत नाही, आबा."

"कधीपास्नं?"

"पहिल्यापासून."

आबांनी ताट हाताने पुढे सारलं. "माझ्या जिभेपायी तू घर घालीवलंस? ह्या म्हाताऱ्याच्या चार घासांपायी लेकराबाळांचा निवारा?" त्यांनी तांब्या उचलला, उजव्या हाताच्या ओंजळीत पाणी घेतलं आणि ताटाशेजारच्या वाटीत सोडलं. "आजपास्नं मी मटणावर पाणी सोडलं. मरस्तवर खायाचो न्हाई. जा, त्या माणसाला जाऊन सांग, घर राहू दे म्हणावं."

प्रणालीने डोक्याला हात लावला. अगं बाई गं! पैलवानाने पाणी सोडलं म्हणजे सुटलं, ते काही आता ब्रह्मदेव आला तरी परत फिरणार नव्हतं. ज्याच्यासाठी तिने घरावर निखारा ठेवला, तोच आता आयुष्यभराचा उपास धरून बसला होता.

"आबा," ती घायकुतीला येऊन म्हणाली, "ते मटण नाहीच आहे! पावटा आहे! मी त्या काकांशी आत्ता खोटं बोलले!"

आबांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर मायेचं हसू होतं. "मी जेवावं म्हणून म्हणतीस व्हय? गुणाची पोर. पण माझी जीभ काय मेली न्हाई अजून. बकरं हाय हे. माळावरचं."

"अहो नाही!"

"मला शिकवू नगंस. सात वर्सांचा होतो तवापास्नं खातोय."

प्रणाली अनवाणी जिन्याकडे धावली. दोन मजले उतरून तिने खांबेट्यांना गाठलं आणि त्यांची बाही धरली. "काका, चला वर. पट्टी लावा."

"पण तुम्ही तर कबूल केलंत."

"ते खोटं होतं. आधीचं खरं होतं. चला ना हो!"

"वहिनी, तुम्ही एकदा काय ते ठरवा," खांबेटे कातावून म्हणाले, पण आले. पट्टी ताटातल्या रश्श्यात बुडवली. दहा मिनिटं सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. हिरवी रेघ उमटली. लाल नाही. खांबेट्यांनी पट्टी उजेडात धरून दोनदा पाहिली, "वनस्पतिजन्य" असं कागदावर लिहिलं, सही केली आणि दारात थांबून म्हणाले, "मग आधी असं का केलंत, ते मला काही कळलं नाही." त्यांना सांगत बसायला प्रणालीत त्राण नव्हतं. घर राहिलं होतं.

आबा मात्र राहिले होते तिथेच. "बाजारातली कागदाची चिंधी," ते म्हणाले. "ती खरी आणि माझी जीभ खोटी?"

म्हणजे आता गंमत बघा. खरं सांगितलं, पुराव्यासकट सांगितलं, तरी म्हातारा मानायला तयार नाही. त्याच्या लेखी ताटात मटण होतं आणि मटणावर त्याने पाणी सोडलं होतं. संध्याकाळी आबा एक कप दूध पिऊन भिंतीकडे तोंड करून पडले. प्रणाली त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. सदऱ्यातून पाठीचे मणके दिसत होते. मग तिचा संयम सुटला.

"उठा," ती म्हणाली. या घरात आल्यापासून ती आबांशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. "उठा आणि या ओट्याशी. तुमच्या हाताने करा. मी हात लावणार नाही."

आबा चकित होऊन उठून बसले आणि मुकाट आले. तिने पावट्याचं पीठ पुढे ठेवलं, पेंड ठेवली, कणकेचा गोळा नळाखाली त्यांच्याकडूनच धुऊन घेतला. त्यांनी आधी एका बोटाने ढकलल्यासारखं केलं. पण मळायला लागल्यावर हातांना आपोआप आठवलं. तालमीतली तांबडी माती या हातांनी तेल-हळद-ताक घालून पन्नास वर्षं मळली होती. मनगट फिरू लागलं. प्रणालीला कधीच जमला नव्हता असा एकसारखा, लुसलुशीत गोळा झाला. विरजणही त्यांनीच लावलं. डबा बंद केल्यावर त्यांनी आपला पंचा आणला, हवेच्या जाळ्या सोडून डब्याला आवळून बांधला आणि वर अशी गाठ मारली की ती त्यांच्याखेरीज कुणाला सुटू नये.

"तू आतमंदी बकरं घालशील," ते म्हणाले.

"घालते हं, अख्खं," प्रणाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आबांनी स्वतः गाठ सोडली. डबा उघडला. आत लालसर, तंतू धरलेला गोळा होता. त्यांनी तो हातात घेतला, दाबला, उलटापालटा केला, वासही घेतला. त्यांनीच सुरीने आडवे तुकडे केले. प्रणालीने फोडणी दिली तेव्हा ते शेजारी स्टुलावर बसून तिच्या हातांकडे टक लावून बघत होते. बाहेर नकटी किंचाळली. आज कुणी आलं नाही.

तिने वाटीत चार तुकडे घातले आणि पुढे केले. आबांनी एक उचलला आणि तोंडात टाकला. तेव्हा कुठे प्रणालीच्या लक्षात आलं, आज सोमवार होता. ब्याऐंशी वर्षांत सोमवारी जे या माणसाने तोंडाला लावलं नसेल ते त्याने आत्ता खाल्लं होतं. म्हणजे पटलं होतं. आपल्या हातांवर त्यांचा विश्वास होता.

ते खूप वेळ चावत राहिले.

"बकरं," ते शेवटी म्हणाले. आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "माझ्या हातानं पावटा मळला मी, आणि जीभ म्हणतीया बकरं. म्हंजे गेली की गं जीभ. सगळं गेलं. ताकद गेली, तुझी सासू गेली, एवढी एक जीभ ऱ्हायली हुती तिचाबी भरवसा उरला न्हाई. चार महिनं मी माळावरचं बकरं, माळावरचं बकरं म्हणत बसलो आणि तुम्ही घरातली मानसं हसत असशीला."

"कोण हसलं?" प्रणाली ओरडली. तिला थांबताच येईना. "कोण हसलं सांगा! मी रडत होते इथे या ओट्याशी! तुम्ही तीन भाकऱ्या खाल्ल्यात त्या दिवशी रडले, आणि दर शनिवारी काट्यावर उभे राहता तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. चौपन्न किलो झाले होते तुम्ही! जीभ गेली म्हणे. त्या कॉलेजातले शास्त्रज्ञ फसलेत, सोसायटीचं यंत्र फसलंय, मी स्वतः केलेलं असून मला दर वेळी वाटतं की यात काहीतरी घातलंय. तुम्ही फसलात तर आकाश कोसळलं का? मला तुमच्या जिभेचं काही पडलेलं नाही, आबा. मला तुम्ही पाहिजे आहात!"

बोलून झाल्यावर तिची तीच घाबरली. पदर नव्हता म्हणून तिने ओढणीने डोळे पुसले.

आबा वाटीतल्या उरलेल्या तीन तुकड्यांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मागल्या सोमवारी हे डब्यात हुतं?"

"होतं."

"आन् गुरवारी?"

"होतं."

"संकष्टीला?"

"तेव्हाही होतं, आबा."

"आन् मला साबुदाणा खाऊ घातलास?" आबांचा आवाज चढला. कितीतरी महिन्यांनी तो असा चढला होता. "घरात एवढं असताना? देवाला चालणारं असताना? चार महिनं वाराच्या दिवशी पोटात कावळे ओरडत्यात, आणि तू माझ्या म्होरं दूधभात ठेवत हुतीस? काय म्हणावं तुला! वाढ. भाकरी कुठाय? आन् श्रावण श्रावण म्हणून घाबरवायचं न्हाई आता, सांगून ठेवतो."

त्यांनी तीन तुकडे संपवले, पातेलं पुढे ओढलं आणि अडीच भाकऱ्या खाल्ल्या. रणजित गॅलरीतून डोकावला. त्याला वाटलं, आता आत यायला हरकत नाही.

सकाळी प्रणाली चहा घेऊन आबांच्या खोलीकडे गेली तर दार अर्धवट उघडं होतं. आबा गावाकडे फोनवर बोलत होते. पलीकडे दत्तू पैलवान होता, त्यांच्याच तालमीतला, मुलगा परदेशात गेल्यापासून खाणं टाकून बसलेला.

"दत्तू, अरं ऐकतोस का? ऐतवारी येतोय मी तुझ्याकडं. येताना मटण घेऊन येतो... सोयाबीन? छ्या! खरं बकऱ्याचं! माळावरचं! आमच्या सूनबाईनं स्वतः बघून आणलंय... आरं श्रावण असंल, पर तू आजारी हाईस न्हवं? आजाऱ्याला देव माफ करतो."

फोन ठेवून त्यांनी वळून पाहिलं. दारात प्रणाली कपबशी घेऊन उभी होती.

"वाटीभर विरजण बांधून दे," ते म्हणाले, "आणि तिथं आलीस तर तोंड उघडू नगंस."

"आबा," प्रणाली हताश होऊन म्हणाली, "आधी त्यांचे वार तरी विचारून घ्या!"